आठ पिवळे प्लग

ओलेटामावशी पहिल्यांदा माझ्या काउंटरवर आली तेव्हा तिने कुठल्याच बंदुकीचं नाव घेतलं नाही. दोन्ही हात काचेवर उताणे ठेवले आणि म्हणाली, "हर्शेल, या हातांना काय झेपेल ते दाखव."

हात बघवत नव्हते. पेरं सुपारीएवढी सुजलेली, करंगळ्या आत वळलेल्या. एकतीस वर्षं तिने आमच्या गावच्या शिवणकारखान्यात जीनच्या पँटी शिवल्या. त्यातली शेवटची बारा ती तपासनीस होती. चुकलेली शिवण तिच्या नजरेतून सुटली असं कधी कुणी ऐकलं नाही. एक दिवस मालकांनी यंत्रं ट्रकांत भरली आणि कारखाना दुसऱ्या देशात नेला. मावशीला निरोपाला एक घड्याळ मिळालं आणि हे हात.

ती माझ्या आईची चुलत बहीण. केंटकीच्या डोंगरात आमच्याकडे कुणी ना कुणी कुणाचं तरी लागतंच, पण हिला मी लहानपणापासून मावशी म्हणत आलो होतो. हार्डवेअरच्या दुकानात पुढे खिळे, नळ आणि रंगाचे डबे असतात, मागच्या भिंतीला माझं काउंटर. तीस वर्षं मी तिथे बंदुका विकतोय. लोक मला विचारतात की बंदूक घेतल्यावर माणूस निर्धास्त होतो का. पूर्वी मी 'हो' म्हणायचो.

मावशीला बंदूक का हवी होती हे विचारायची गरज नव्हती. दोन वर्षांपूर्वी खाणीतल्या कोळशाच्या धुळीने तिच्या नवऱ्याची, आर्विलकाकांची, छाती भरली आणि ते गेले. घर दरीच्या अगदी टोकाला, शेजार पाव मैलावर. आधीच्या हिवाळ्यात आमच्या भागात तीन घरं फुटली, आणि चोरांनी तिन्ही ठिकाणी टीव्ही सोडून औषधांचं कपाट साफ केलं. कुणाच्या घरी दुखण्यावरच्या गोळ्यांची बाटली आली हे पोस्टमनच्या आधी चोरांना कळायचं. मावशीच्या घरी ती बाटली होती, हातांसाठी.

आणि तिला एक मुलगा होता. लॉवेल. चाळिशीचा, एकुलता. खाणीत छपराचा दगड पाठीवर पडला, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मग डॉक्टरांनी बंद केल्या पण याने केल्या नाहीत. बापाच्या अंत्यविधीच्या दिवशी लोक पुढच्या खोलीत चिकन खात होते आणि हा मागच्या खोलीतून बापाची उरलेली औषधं खिशात भरत होता. मावशीने त्याला अंगणातच सांगितलं की शुद्धीवर आलास तरच ये. तो आलाच नाही. आम्ही सगळे दारं लावून बसायचो ती बाहेरच्या लोकांच्या भीतीने. इतके शहाणे आम्ही.

काउंटरसमोरच्या बाकावर क्लेडिथ नेपियर असायचाच. आर्विलकाकांबरोबर खाणीत होता, आता कॉफी फुकट मिळते म्हणून माझ्याकडे असतो. बंदुका गोळीच्या जाडीच्या आकड्याने ओळखतात, बावीस, अडतीस, पंचेचाळीस; त्याच्या मते ज्या बंदुकीचा आकडा चाराने सुरू होत नाही ती बंदूकच नव्हे. मी काचेखालून छोटी बावीसची रिव्हॉल्व्हर काढली तसा तो म्हणाला, "वहिनी, बावीसने चोर मरत नाही. नुसता चिडतो."

"तुझ्यासारखा चिडणार असेल तर चालेल," मावशी म्हणाली. "तू चिडलास की बसल्या जागी बोलतोस फक्त."

तिने आधी मोठी अडतीस उडवून पाहिली, एकदाच. मनगट धरून खाली ठेवली. पिस्तुलाचा वरचा भाग मागे ओढायचा असतो, तो तिच्याने इंचभरही हलला नाही. राहिली बावीस. त्यातही दोन होत्या. एक साध्या बावीसची, आठ गोळ्यांची, हलकी. दुसरी बावीसच्या मॅग्नमची, म्हणजे जास्त दारूच्या लांब काडतुसाची, सात गोळ्यांची, पोलादी आणि जड. मी मॅग्नमची शिफारस केली. दुकानदार दुसरं काय करणार.

मावशी म्हणाली, दोन्ही तपासू.

मग पंधरा दिवस माझ्या घरामागच्या ओढ्याच्या काठावर तपासणी चालली. दुधाचे रिकामे प्लॅस्टिकचे कॅन पाण्याने भरून एकामागे एक लावायचे आणि पुढे जीनच्या कापडाचे चार थर टांगायचे, कारण थंडीत माणूस कपडे घालूनच दार फोडतो. कापड मावशीने घरून आणलं होतं, चारही थर नीट शिवून. मॅग्नम वाजली की काठावरचे कावळे उडायचे, नळीच्या तोंडाशी संत्र्याएवढा जाळ दिसायचा आणि आमचे कान बंद व्हायचे. कॅन मोजले तर साध्या बावीसपेक्षा जेमतेम एक जास्त फुटलेला. लांब नळीच्या रायफलीत मॅग्नम खरी मॅग्नम असते, बोटभर नळीत तिची निम्मी दारू बाहेर हवेतच जळून जाते. हे मला ठाऊक होतं. मी ते बोललो नव्हतो.

"आवाजाचे वेगळे पैसे लावतोस का रे?" मावशीने विचारलं.

काडतुसांचंही तसंच. पोकळ तोंडाची गोळी शरीरात शिरली की फुलासारखी उघडते, असं खोक्यावर छापलेलं असतं. मावशीने फुटलेल्या कॅनमधून गोळी काढली, चष्मा चढवला आणि सुईने तिच्या तोंडातून निळा बोळा उपसला. कापडाने तोंड बुजलेलं, गोळी उघडलीच नव्हती. सपाट तोंडाची भरीव गोळी मात्र कापडातून आरपार गेली आणि चौथ्या कॅनमध्ये सापडली. तीस वर्षं खोकी विकणाऱ्या मला जे मुद्दाम बघायचं सुचलं नाही ते तिने एका दुपारी बघितलं. हलकी रिव्हॉल्व्हर आणि सपाट तोंडाची गोळी, असा निकाल तिने दिला. कारखान्यातली तपासनिसाची जुनी वही होती तिच्याकडे. त्यात रकाने पाडले: कुठली काडतुसं, किती उडवली, किती फुसकी निघाली, कारण.

फुसकी निघणं हे बावीसचं जुनं दुखणं. मोठ्या काडतुसात ठिणगीचा मसाला बुडाच्या मधोमध वेगळ्या टोपीत असतो. बावीसमध्ये तो बुडाच्या कडेत गोल फिरवून भरतात. कुठे पोचतो, कुठे नाही. नेमक्या कोऱ्या जागी घोडा आपटला तर नुसतं टक् वाजतं. स्वस्त खोक्यातली पाचशेत अकरा फुसकी निघाली. चांगल्यातली चारशेत एक. त्या एकावर मावशी अडून बसली.

"चारशेत एक चुकलेली पँट मी सोडली असती तर मला घरी बसवलं असतं," ती म्हणाली.

तेव्हा मी तिला तो नियम सांगितला. बावीस विकणारा प्रत्येक जण सांगतो. पण तिला मी सांगितला, म्हणून तो माझ्या मानेवर आहे.

"म्हणूनच रिव्हॉल्व्हर घ्यायची, मावशी. टक् वाजलं तर थांबायचं नाही. बघायचं नाही, विचार करायचा नाही, पुन्हा ओढायचं. पुढचं काडतूस आपोआप समोर येतं. आणि एकटी बावीस काही करत नाही. एकदा सुरू केलंस की आठही."

तिने तेही वहीत लिहून घेतलं. खाली रेघ मारली.

आता यातली खरी थट्टा ऐका. अधू हातांसाठी म्हणून जी बंदूक विकतात तिचाच चाप सगळ्यांत कडक असतो. कडेवर घोडा जोरात आपटल्याशिवाय बावीस पेटत नाही, म्हणून आत स्प्रिंग दणकट लागते. काही जण ती स्प्रिंग घासून मऊ करून देतात. चाप हलका होतो आणि फुसकी काडतुसं वाढतात. मावशीने विचारलं, मी नाही म्हटलं, तिलाही ते पटलं. तेव्हा बोटाला सवय करणं एवढंच उरलं. पण बावीस रिकामी ओढायची नसते. आत काडतूस नसेल तर घोड्याची टोची काडतुसांच्या गोल चक्राच्या कडेवर बसते आणि दोन्ही खराब होतात. यावर आमच्याकडे एक उपाय आहे, कुणी काढला देव जाणे. भिंतीत स्क्रू बसवायच्या आधी जो पिवळा प्लॅस्टिकचा प्लग ठोकतात ना, त्यातला एक आकार बावीसच्या भोकात अगदी बेतल्यासारखा बसतो. टोची प्लॅस्टिकच्या कडेवर आदळते, बंदूक वाचते. पुढच्या बाजूला तिसऱ्या रांगेत लटकतात. मी एक पाकीट काढून तिच्या हातात ठेवलं.

मग तिचा नेम ठरला. दुपारी घेवड्याचं वरण आणि मक्याची पोळी खायची, बक्षिसांचा टीव्हीवरचा कार्यक्रम लावायचा, काडतुसं काढून प्लग भरायचे आणि आठ आठ करून ऐंशी वेळा ओढायचं. मग प्लग बटणांच्या डब्यात, काडतुसं पुन्हा चक्रात, दोन वेळा मोजून. प्रत्येक फेरीनंतर प्लग थोडे फिरवायचे म्हणजे टोचीचा खड्डा नवीन जागी पडतो. कडा सगळी चेचली की ते फेकून नवे. सहा महिन्यांत तिचा हात असा बसला की सात पावलांवरून जेवणाच्या ताटलीत आठही गोळ्या घालायची. मी बाकावरच्या सगळ्यांना ती ताटली दाखवली. क्लेडिथ म्हणाला, वहिनींना आता खाणीत घ्यायला हरकत नाही. मला अभिमान वाटत होता, खोटं कशाला बोलू.

मार्चमधला गुरुवार. गुरुवारी दुपारी बायका चर्चच्या तळघरात गोधड्या शिवायला जमतात आणि मावशी कधी चुकवत नसे. त्या दिवशी तिची गाडी दुरुस्तीला गेली होती आणि हातही ठणकत होते, म्हणून ती घरीच राहिली. अंगणात गाडी नाही, गुरुवार आहे, म्हणजे घर रिकामं, असा हिशेब कुणालाही करता आला असता. त्यातही तिच्या गुरुवारची खबर असलेल्याला.

दोन वाजता स्वयंपाकघराच्या मागच्या दाराची काच फुटली.

पुढचं मी आधी गावाकडून ऐकलं. लॉवेल आईच्या गोळ्या चोरायला आला. आईने बंदूक रोखली. पण आईच ती, तिने त्याला पाहताक्षणी ओळखलं आणि तिचं बोटच हललं नाही. दोघं तिथेच फरशीवर बसून रडली. रविवारी लॉवेल दाढी करून चर्चमध्ये आला आणि सगळ्यांसमोर वेदीपाशी गुडघे टेकले. पास्टरांनी तासभर तोच विषय घेतला: प्रभूने चापावरचं बोट धरलं. बाया ओक्साबोक्शी रडल्या. लॉवेलने उभं राहून साक्ष दिली, "आईने मला ओळखलं. तिचं बोट हललं नाही." मी फारसा चर्चला जात नाही, त्या दिवशी गेलो होतो. मावशी पहिल्या बाकावर होती, हात मांडीवर, डोळे कोरडे. बाई खंबीर आहे, असं लोक बाहेर पडताना म्हणत होते.

सोमवारी ती दुकानात आली, क्लेडिथ जेवायला गेल्याचं बघून. काउंटरवर तीन वस्तू ठेवल्या: रिव्हॉल्व्हर, वही आणि बटणांचा डबा. डबा उघडून माझ्याकडे सरकवला.

आत आठ पिवळे प्लग होते. त्या दुपारी तिने नवीन काढून चक्रात भरले होते, ती म्हणाली, सराव सुरूच करणार होती इतक्यात काच फुटली. म्हणजे चक्रात काडतुसं नव्हती, हे मला कळलं. मी म्हटलं, देवाची खरंच कृपा मावशी, काडतुसं असती आणि चुकून जरी ओढलं गेलं असतं तर.

"नीट बघ," ती म्हणाली. "मी बघायचे तसं बघ."

मी एकेक उचलून दिव्याखाली धरला. प्रत्येकाच्या कडेवर टोचीचा खड्डा होता. प्रत्येकावर एकच. आठही प्लगांवर.

मला समजायला वेळ लागला नाही, आणि समजलं तसा मी भराभर बोलत सुटलो. माझंच शिकवणं हे, टक् वाजलं तर थांबू नकोस म्हणून मीच सांगितलं, सहा महिने रोज ऐंशी वेळा ओढलेलं बोट, ते आपोआप चालणारच, त्यात तुझं काही नाही. तिने वाकडा पंजा वर केला तेव्हा गप्प झालो.

"पहिले दोन ओढले तेव्हा तो कोण हे मला ठाऊक नव्हतं," ती म्हणाली. "तोंडावर रुमाल होता, नुसता हाडांचा सापळा. मग त्याने रुमाल खाली केला आणि आई म्हणाला."

"मावशी, ती सवय—"

"सवय असती तर मी तुझ्याकडे आले नसते. प्लग आत आहेत हे माझ्या डोक्यातच नव्हतं, हर्शेल. फुसकं निघालं असं वाटत होतं. सहा वेळा त्याच्या तोंडाकडे बघून ओढलं आणि प्रत्येक वेळी वाटलं, आता उडेल."

पुढच्या बाजूला कुणीतरी साखळी मोजून घेत होतं, त्याचा आवाज येत होता. मी विचारलं, लॉवेलला कळलं का. ती म्हणाली, त्याने डोळे मिटून घेतले होते, मोजायच्या स्थितीत नव्हता, आणि नंतर दोघांपैकी कुणी तो विषय काढला नाही. त्याला वाटतंय ते वाटू दे. तो त्यावरच उभा आहे.

मग तिने वही उघडली. शेवटच्या पानावर तारीख होती. उडवली: आठ. फुसकी: आठ. कारणाचा रकाना कोरा होता. खाली तिची सही. तिने पेन माझ्यापुढे केलं. कारखान्यात नापास झालेल्या मालावर दोघांची सही लागायची, एका तपासनिसाच्या शब्दावर गठ्ठा फेकत नसत. हे मला माहीत होतं, माझी आईही तिथेच होती. मी म्हटलं, मी सही करणार नाही.

"मग मी कुणाला दाखवू?" ती म्हणाली. "पास्टरना?"

मी सही केली. चूक केली की बरोबर, अजून कळलेलं नाही. रिव्हॉल्व्हर विकू नकोस, एवढं सांगून ती गेली. तिन्ही वस्तू मी काउंटरखालच्या कपाटात ठेवल्या.

लॉवेल आईकडे राहायला आला. खरं सांगायचं तर तो सुधारला. एप्रिलच्या गार ओढ्यात त्याचा बाप्तिस्मा झाला, मग लाकडाच्या वखारीत काम धरलं. तो आईच्या बाह्यांची बटणं लावायचा, कॉफी करून कप तिच्या दोन्ही तळव्यांत ठेवायचा. तीन वर्षं. आणि त्या तीन वर्षांत महिन्या-दोन महिन्यांनी कुणी नवा माणूस चर्चमध्ये आला की पास्टर लॉवेलला उभं करायचे. तो तेच सांगायचा, त्याच शब्दांत: आईने मला ओळखलं, तिचं बोट हललं नाही. मावशी मान हलवायची. लोक तिचे हात हातात घेऊन म्हणायचे, धन्य हे हात. मला त्या लोकांचा संताप यायचा, पास्टरांचा यायचा, सगळ्यांत जास्त माझा. मी आठवड्याला निदान दोन बावीस विकत होतो तेव्हाही, आणि तोच नियम सांगत होतो, कारण नियम बरोबर आहे.

गेल्या शरदात मावशी गेली. झोपेत, हातांना तेल लावून घेऊन निजली होती.

दफनानंतर दहा-बारा दिवसांनी लॉवेल दुकानात आला. अंगाने भरला होता, केस पांढरे व्हायला लागले होते. आईची रिव्हॉल्व्हर मागितली. मी ती काढून दिली, वही आणि डबा आतच ठेवले. त्याने ती उघडली, चक्र बोटाने फिरवलं, रिकामं बघून बंद केलं. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "हर्शेलदादा, आई तुझ्याकडे काही बोलली होती? किती वेळा ते?"

"दोन," मी म्हटलं. "तू रुमाल काढायच्या आधी."

"आधी?"

"आधी. नंतर एकदाही नाही."

त्याने दोन्ही हात काचेवर ठेवले, त्याची आई ठेवायची तिथेच.

"मी आठ मोजले होते," तो म्हणाला. "पण तेव्हा मी शुद्धीत कुठे होतो. दोनच असतील."

म्हणजे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तीन वर्षं तो सगळ्या गावासमोर आईला झाकत होता, आणि ती पहिल्या बाकावर बसून प्रत्येक शब्द सोसत होती, त्याचा त्यावर विश्वास आहे असं समजून. दोघं एका टेबलावर दिवसाला तीन वेळा जेवत होती. खरं काय ते मी सांगू शकलो असतो, तिच्या हयातीत नाही तरी त्या क्षणी. मी त्याला पावती करून दिली.

तो गेल्यावर मी कपाटातला डबा काढला आणि प्लग काचेवर ओतले. आठच होते. मी दोन वेळा मोजले.